सतरावं अंडं

सतरावं अंडं फुटलं. पहिली सोळा यंत्राच्या हाताने अलगद उचलून ट्रेमध्ये बसवली होती. सतराव्याला तोच हात अर्ध्या वाटेत, अगदी निवांतपणे, उघडला. सकाळपासून नवव्यांदा.

“अजून फोडायची आहेत, की आम्लेटचं यंत्र म्हणूनच विकूया?” साहेबांनी विचारलं.

धाकटी प्रोग्राम पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली. टीममध्ये सगळ्यांत लहान म्हणून तिचं नाव धाकटी पडलं होतं. हाताचा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला होता. तिचं प्रोबेशन आज संपत होतं, आणि तीन वाजता पोल्ट्रीच्या मालकीणबाई यंत्र बघायला येणार होत्या. यंत्र खपलं तर धाकटी कायम. नाही खपलं तर काय, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते नुसते बुटावरचा बलक पुसत होते.

तिने डीबगर लावला. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामला मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावणारं हत्यार. पण त्याला काहीही विचारा, तो आकड्यांच्या रांगा ओकतो. त्यातून एक अंडं शोधायचं म्हणजे डोळ्यांचं भरीत. एक सोय मात्र आहे. त्याला नवे हुकूम शिकवता येतात. छोटीशी स्क्रिप्ट लिहायची, तिला नाव द्यायचं, की डीबगर आपल्या भाषेत बोलू लागतो.

तेवढ्यात फोन थरथरला. आत्या. धाकटी आत्याकडे राहायची, आणि आत्या दिवसातून तीनदा फोन करून तेच तीन प्रश्न विचारायची. कुठे आहेस? हातात काय आहे? ठेवलंस का नीट? त्याला कारण होतं. सहा महिन्यांत धाकटीने चार छत्र्या, दोन डबे आणि एक डावी चप्पल हरवली होती. चप्पल एकच कशी हरवते, हे घरात अजून कोणाला कळलेलं नाही.

धाकटीने फोन पालथा ठेवला. पडद्याकडे बघितलं. मग पुन्हा फोनकडे बघितलं.

वीस मिनिटांत हुकूम तयार झाला. नाव ठेवलं ‘आत्या’. दर अंड्याला हा हुकूम प्रोग्रामला अडवणार, तीन प्रश्न विचारणार आणि उत्तरं पडद्यावर छापणार. प्रोग्रामने थापा मारू नयेत म्हणून तिने बोटांमधल्या, धरलेल्या वस्तूची लांबी मोजणाऱ्या सेन्सरलाच साक्षीला उभं केलं.

*कुठे आहेस? ट्रेच्या वर.*
*हातात काय आहे? अंडं, साडेपाच सेंटिमीटर.*
*ठेवलंस का नीट? ठेवलं.*

सतरावं अंडं ट्रेमध्ये बसलं. तिसावंही बसलं. तिने आत्या बंद केली. सतरावं फुटलं. आत्या चालू केली. एकही फुटेना.

“झालं की दुरुस्त!” साहेब म्हणाले.

“दुरुस्त नाही, सर. नुसती विचारपूस चालू आहे.”

“मग चालू दे. बाई जाईपर्यंत विचारपूस थांबवायची नाही.”

बाई दहा मिनिटं आधीच आल्या. खुर्ची ओढून बसल्या. हाताने चाळीस अंडी बसवली, पण बाईंचं लक्ष हाताकडे नव्हतंच. त्या पडदा वाचत होत्या.

“ही आत्या कोण?”

“आमची अत्याधुनिक देखरेख प्रणाली,” साहेब म्हणाले.

“हिला गप्प करा बघू.”

साहेबांनी धाकटीकडे असं बघितलं, की दुसरी कोणी असती तर वीज गेल्याचं नाटक केलं असतं. धाकटीने आत्या बंद केली. सोळा बसली. सतरावं बाईंच्या पायाशी फुटलं.

खोलीत शांतता पसरली. बलकही पसरला.

“विचारलं तरच हाताकडे बघतो, नाही तर आठवणीवर ठोकून देतो,” बाई म्हणाल्या. “आमचे हे अगदी असेच आहेत.”

आणि धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने प्रोग्रामला हातात काय आहे ते लक्षात ठेवायला शिकवलं होतं, बघायला शिकवलंच नव्हतं. लक्षात ठेवायला जागा दिली होती सोळा अंड्यांची. सतराव्याला जागा संपायची, हाताला वाटायचं आपण रिकामे आहोत, आणि तो खुशाल मूठ सोडायचा. आत्याने विचारलं की मात्र सेन्सरचं उत्तर ऐकून तो मूठ घट्ट धरायचा.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “दोन ओळींचं काम आहे. उद्या काढते.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

“चूक काढा,” बाई उठता उठता म्हणाल्या. “आत्या काढू नका. आत्यासकट सहा यंत्रं पाठवा.”

साहेबांनी डोळे उघडले. बाईंना दारापर्यंत सोडून आले आणि म्हणाले, “कायम. पण आधी ही फरशी पूस.”

धाकटीने आत्या पुन्हा चालू केली, फरशीवर ठेवलेली आपली पाचवी छत्री बलक लागू नये म्हणून क्षणभर यंत्राच्या हातात दिली आणि फरशी पुसली. मग पर्स उचलून तीन मजले उड्या मारत उतरली. रस्त्यावर येऊन तिने, सहा महिन्यांत पहिल्यांदाच, आपणहून फोन लावला.

“कुठे आहेस?” आत्याने विचारलं.

“ऑफिसच्या खाली.”

“हातात काय आहे?”

“नोकरी! कायमची!”

पलीकडून आत्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“गुणाची गं माझी बाय. आणि छत्री?”

“आहे ना,” धाकटी न बघताच म्हणाली.

वर तिसऱ्या मजल्यावर पडदा अजून चालू होता. यंत्राचा हात ट्रेच्या वर ताठ उभा होता, आणि पडद्यावर उत्तर आलं होतं: *अंडं, एक्याण्णव सेंटिमीटर.*