शहाण्या बकऱ्या

"हरला तू," प्रियंका म्हणाली.

रजतनं स्क्रीनकडं पाहिलं. त्याचे तिन्ही वाघ एका कोपऱ्यात कोंडले गेले होते आणि भोवती बकऱ्या निवांत उभ्या होत्या. एकही बकरी त्याला मारता आली नव्हती. मागं उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. हसली ती वाघांना, पण झोंबलं रजतला.

आर्णीच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोघंही याच वर्षी प्रोग्रॅमिंग शिकायला आली होती. गोपाल सरांनी सगळ्यांना एकच काम दिलं होतं. लहानपणी जमिनीवर रेघा मारून, खडे मांडून जो वाघ-बकरी सगळेच खेळले, तो कॉम्प्युटरवर बनवायचा. वाघ माणूस खेळणार, बकऱ्या कॉम्प्युटर. ज्याचा कॉम्प्युटर सरांना हरवेल, त्याला सर क्लासमध्येच शिकवायला ठेवणार होते.

रजतला ती नोकरी हवीच होती. नाहीतर वडिलांच्या कृषी केंद्रात खताच्या पोत्यांमागं बसणं ठरलेलं होतं, आणि वडील रोज जेवताना विचारत होते, कधीपासून येतोस म्हणून.

त्याचा खेळ दिसायला देखणा होता. हिरवंगार रान, पट्ट्यापट्ट्यांचे वाघ, शेपट्यासुद्धा हलायच्या. पण बकऱ्या शुद्ध बावळट. आपण होऊन वाघाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या. रजतनं यूट्यूब पालथं घातलं, तरी त्यांना अक्कल काही आली नाही.

आणि ही प्रियंका! एसटीनं येणारी, क्लासच्या जुनाट कॉम्प्युटरवर बसणारी. तिच्या स्क्रीनवर धड रंगही नव्हते. नुसत्या रेघा आणि ठिपके. पण ठिपके असे काही चालायचे, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. यवतमाळहून आणलेला नवाकोरा लॅपटॉप मांडीवर घेऊन रजत ते बघायचा आणि आतल्या आत जळायचा.

"कुठं शिकली हे?" डाव हरल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गावातच. माय बकऱ्या चारते ना, तिथं दगडावर कोळशानं रेघा मारून खेळतो आम्ही."

"खेळ नाही म्हणत मी. प्रोग्रॅम."

"तो तर अर्धाच झाला माझा."

अर्धाच! अशा मुली रजत शाळेपासून बघत आला होता. पेपर कोराच दिला म्हणून रडायच्या आणि निकालाला पहिल्या यायच्या. त्याला वाटलं, हिचा हा साळसूदपणा एकदा सगळ्यांसमोर उघडा पाडावा.

"मंग अजून एक डाव होऊ दे," तो म्हणाला.

"आता नाही होत. सांज झाली."

"काहून? तुह्या कॉम्प्युटरले घरी जायचं हाये काय?"

"हो ना," प्रियंका म्हणाली आणि हसून बॅग भरायला लागली. पोरंही हसली. पुन्हा त्यालाच.

त्या संध्याकाळी ती एसटी गाठायला पळाली, आणि रजत रेंगाळला. तिचा सगळा खेळ क्लासच्या कॉम्प्युटरवर उघडाच पडलेला होता. त्यानं तो पेनड्राइव्हवर घेतला. परत पुसून टाकावा असं एकदा वाटलं, पण कृषी केंद्रातला तो युरियाचा वास आठवला आणि त्यानं पेनड्राइव्ह खिशात टाकला.

घरी त्यानं वरचं प्रियंकाचं नाव खोडून आपलं टाकलं. आपलं हिरवं रान आणि आपले वाघ बसवले. प्रोग्रॅमचा पुढचा बराचसा भाग त्याला कळला नाही. कळला नाही तो शहाण्यासारखा जसाच्या तसा ठेवला. कोपऱ्यात स्पीकरचं एक चित्र होतं. प्रियंका ते कायम बंद ठेवायची. वाघाची डरकाळी असेल, रजतला वाटलं. असली भारी गोष्ट बंद कायले ठेवायची? सरांसमोर ती चालू करायची, हे त्यानं पक्कं केलं.

प्रियंका दुपारच्या बॅचला यायची. म्हणून दुसऱ्या दिवशी रजत सकाळीच सरांच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला.

"नेटवर चालते सर, सुरू व्हायले थोडा टाइम घेते," तो म्हणाला. एवढं त्यानं प्रियंकाच्या मागं उभं राहून टिपलं होतं.

थोडा वेळ गेला, आणि पहिली बकरी पटावर आली. रजतनं स्पीकर चालू केला. डरकाळी नव्हती. बारीक किणकिण मात्र ऐकू येत होती, आणि वाऱ्याचा आवाज.

"हे काय रे?"

"बकऱ्याइच्या गळ्यातल्या घंट्या, सर," रजत म्हणाला. ऐन वेळी आपल्याला असं सुचतं, याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. "मी मुद्दाम टाकल्या."

"वा! लय बारीक काम केलं तू."

सर पट्टीचे खेळणारे. त्यांनी एक बकरी मारली, दुसरीवर डोळा ठेवला. पण ती दुसरी म्हणजे सापळाच निघाली. बघता बघता दोन वाघ कोंडले गेले. सरांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली.

"गड्या, कॉम्प्युटर वाटतच नाही हा. माणूसच खेळून राह्यला जसा." ते रजतकडं वळले. "प्रियंकाचा खेळ पाहाचीही गरज नाही आता. सोमवारपासून सकाळची बॅच तूच घे."

रजतचा ऊर भरून आला. प्रियंकाचा चेहरा कसा होईल, तेवढंच आता बघायचं राहिलं होतं.

तिसरा वाघ कोंडायला एकच चाल उरली होती. पण बकऱ्या थांबल्या. पट हलेना.

"अडकलं काय?"

"नाही सर, विचार करून राह्यलं ते."

घंट्या एकदम जोरजोरात वाजायला लागल्या, आणि लॅपटॉपमधून एका बाईचा धाप लागलेला आवाज आला:

"प्रियंका, तुहा वाघ राहू दे आता! बकऱ्या लोकाच्या पऱ्हाटीच्या वावरात शिरल्या!"