घोड्याच्या नावातला निरोप

नीरा पुन्हा मेली होती.

धनाजीनं टॅब उशीवर आपटला. भिंतीवर आपटायची सोय नव्हती, कारण टॅब निम्मा धाकट्या भावाचा, गोरखचा होता.

"गाढवाला गुळाची चव काय! आठ दिस राबून म्या हिला किल्ल्याच्या दारात न्हेली, आन् ह्यानं मारून टाकली."

पारूबाई एसटीतून उतरून नुकत्याच टेकल्या होत्या. लेकानं आईला पाणी विचारायच्या आधी पिशवीतला टॅब मागून घेतला होता. "आरं, खेळातली हाय ती," त्या म्हणाल्या.

"खेळातली असली म्हनून काय झालं?"

वर्षापूर्वी दोघा भावांची वाटणी झाली, आणि रस्त्याकडेच्या खाचरावरून ते असे भांडले की गोरख बायकोला घेऊन कापूरहोळला गेला. तिथं एका गॅरेजात लागला. तेव्हापासून बोलणं बंद. दोन गोष्टी मात्र तोडता येईनात, आई आणि टॅब. मग विहिरीच्या पाण्याला लावतात तशी पाळी लावली. आठ दिवस इकडं उत्रोलीत, आठ दिवस तिकडं कापूरहोळला. आई जाईल तिकडं टॅब.

तसा हा गेम धनाजीला स्वतःच्या मोबाईलवर उतरवता आला असता. पण ती पाच माणसं त्या टॅबात होती. मंत्र म्हणण्याआधी हटकून शिंकणारा ढेरपोट्या मांत्रिक. स्वतःच्याच टोळीचे खिसे कापणारा चोर. मुका घोडेस्वार. जखमा बऱ्या करणारी म्हातारी. आणि भालेवाली नीरा, जी पुढं पाठवलं की "मीच का?" म्हणून तोंड करायची आणि तरी जायची. चौकोनांच्या रणांगणावर एकेकाला बुद्धिबळासारखं विचार करून हलवायचं. मेला तो मेला. परत हवा असेल तर लढाई पहिल्यापासून.

सोळा लढाया दोघा भावांनी मांडीला मांडी लावून जिंकल्या होत्या. सतरावी वाटणीनंतर अडकली ती अडकलीच. ती एवढी लांबलचक की शेतातून आल्यावर घडीभर खेळून आठ दिवसांत अर्धीच व्हायची. उरलेली गोरखनं करायची. आणि हा पठ्ठ्या दर पाळीला म्हातारीला सगळ्यांच्या पुढं काढायचा, थेट शत्रूच्या तोंडी. तिला वाचवायला नीरा धावायची आणि मरायची. मग धनाजीचं पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"मुद्दाम करतोय त्यो," धनाजी म्हणाला. "खाचराचा डूख धरलाय."

पारूबाई चष्मा पुसत होत्या. चौथी शिकलेल्या, पण पेपरातलं राशिभविष्य सोडून काही वाचत नसत. "म्हातारीला दर येळी मागंच का ठिवता रं तुमी?"

"मागं ऱ्हायली तर जगंल, म्हनून."

"मागं बसून जगून करंल काय?"

धनाजी पुन्हा टॅबात डोकं घालून बसला. आईला खेळातलं काय कळतंय!

शेवटी त्यानं एक युक्ती केली. घोडेस्वाराच्या घोड्याचं नाव हवं तेव्हा बदलता येत असे. धनाजीनं नाव ठेवलं, ‘म्हातारी मागे ठेव’. टॅब आईबरोबर गेला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा नीरा मेलेलीच होती, पण घोड्याचं नाव होतं, ‘बरं दादा’.

धनाजी त्या दोन शब्दांकडं बघत राहिला. वर्षभरात त्याला दादा म्हणून कुणी हाक मारली नव्हती. खरं सांगायचं तर नीरा गेली खड्ड्यात, त्याला भाऊ हवा होता. पण आधी बोलायचं कुणी? धनाजीचा बाणा मोडेन पण वाकणार नाही, असा.

घोड्यावरून मात्र वाकता आलं. ‘गॅरेज कसं आहे’ असं त्यानं विचारलं. ‘काम भरपूर आहे’ असं उत्तर आलं. पुढच्या पाळीला घोड्यानंच विचारलं, ‘वहिनीचा गुडघा?’ धनाजीची बायको रत्ना चिखलात घसरली होती ते गोरखला आईनंच सांगितलं असणार. धनाजीला बरं वाटलं. नीरा मात्र मरतच होती, आणि ते बघून त्याचं डोकं दर वेळी नव्यानं फिरत होतं. एवढी विचारपूस करतोस, मग जरा नीट खेळ की लेका!

एका सकाळी आई एसटीला निघाली तरी तो टॅब सोडेना. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. "गाडी जाईल रं," पारूबाई दारातून म्हणाल्या. तेव्हा डोळे मिटून त्यानं घोड्याचं नाव ठेवलं, ‘चुकलो. जेवायला ये’.

ते आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. शनिवारी आई आली. घोड्याचं नाव होतं, ‘उद्या येतो’. नीरा मेली होती, पण त्या दिवशी धनाजीनं टॅब आपटला नाही.

रविवारी रत्नानं कोंबडं शिजवलं. पारूबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या. अकराच्या सुमाराला गोरखची गाडी अंगणात थांबली. तो वाळला होता.

"आई म्हनली, दादानं बोलावलंय," गोरख म्हणाला. "खरं वाटंना. पर आलो."

धनाजीनं त्याला मिठी मारली. डोळे भरले ते दिसू नयेत म्हणून मग मोठ्यानं हसला. "लई झ्याक केलंस. पर आदी सांग, त्या म्हातारीला पुढं काढायची अक्कल कुनाची? वरीसभर नीरा मारतोयस माजी!"

गोरख चपला काढता काढता थांबला.

"म्या? वाटणी झाल्यापासनं म्या त्या टॅबला हात लावला न्हाई, दादा. तिकडं आली की आईच खेळत बसती. मला वाटलं, तूच शिकवलंस."