वाहनमुक्त मार्गाचं उद्घाटन

बेबीबाई आणि तिचा नवरा धनीराम सायकलवर मासोळीची टोपली घेऊन घाटाच्या तोंडाशी आले, तेव्हा रस्त्यावर आडवी फीत बांधलेली होती. फितीला फुगे. बाजूला लाकडी मंच, मंचावर निळा गालिचा, चारही बाजूंनी खालपर्यंत सोडलेलं पांढरं कापड. वर फलक: ‘वाहनमुक्त सायकल पर्यटन मार्ग, डोंगराच्या कुशीत, जंगलाच्या साथीत’.

हा मार्ग कोणी बांधला नव्हता. तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांनी डोंगर ओलांडून लाखनीच्या बाजाराला जाऊन जाऊन तो पाडला होता. भंडाऱ्याचा कापडवाला धर्मेंद्र गेल्या उन्हाळ्यात तिथं सायकल घेऊन आला आणि त्याला तो ‘सापडला’. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. याच्या डोक्यावर फक्त हेल्मेट होतं.

“थांबा, थांबा. आज रस्ता बंद आहे,” धर्मेंद्र आडवा झाला.

“बाजाराले जाऊन राहिलो, साहेब.” धनीरामने सायकल पोटाला टेकवून हात जोडले. हात जोडायची त्याला सवयच होती, आणि बेबीबाईला त्या सवयीची चीड.

“ट्रॅफिक-फ्री रूट आहे हा. उद्घाटन झाल्याशिवाय कोणालेच सोडता येत नाही.”

“दोन माणसं अन् एक सायकल. आमी कायची ट्रॅफिक?” बेबीबाईने विचारलं.

धर्मेंद्रने त्या सायकलीकडे पाहिलं. सीटला पोतं गुंडाळलेलं, कॅरिअरवर टोपली, टोपलीत भाताच्या ओल्या तणसाखाली रोहू आणि कतला. “सायकल म्हणजे तशी नाही ना, काकू. वर ड्रोन फिरून राहिला. तुम्ही फोटोत येसान.”

तलावात जाळं टाकायला मच्छीमार सोसायटीत नंबर लागतो. बेबीबाईच्या घराचा नंबर पावसाळा संपल्यावर पहिल्यांदाच लागला होता आणि पहाटेपासून दोघं कमरेएवढ्या पाण्यात होती. ऊन चढण्याआधी बाजारात पोहोचली तर ती मासोळी, नाहीतर घाण. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. त्या रस्त्याने गेलं तर बाजार उठलेलाच सापडायचा.

“पाहुणे निघालेच आहेत. दहा मिनिटं,” धर्मेंद्र म्हणाला. मग त्याच्या नाकाला टोपली जाणवली. “हे इथं नका ठेवू. मंचाखाली सरकवा. कापड आहे, दिसणार नाही. सावलीही राहते.” सावलीचं त्याला मागाहून सुचलं.

धनीरामने टोपली मंचाखाली सरकवली.

दहा मिनिटं कधीच होऊन गेली. सायकलवाले जमले. घट्ट, भडक कपड्यांतली ती मंडळी एकमेकांची टायरं दाबून बघत होती, बाटल्यांतून पाणी चोखत होती आणि इथं कसं कुणीच नसतं याचं कौतुक करत होती. “किती निर्मनुष्य आहे ना,” एक बाई म्हणाली. बेबीबाई तिच्यापासून हातभर अंतरावर दगडावर बसली होती.

ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं. धनीराम तलावाचं पाणी आणून टोपलीवर शिंपडायला वाकला, तसा धर्मेंद्र धावत आला.

“अहो, गालिचा ओला होईल. भाड्याचा आहे.”

“मासोरी नरम पडून राहिली, साहेब.”

“येतीलच ते आता. घाई कायले करता? जंगलात आलात, जरा एन्जॉय करा.”

ती दोघं जंगलात आली नव्हती, तिथंच राहत होती. पण एवढंही सांगावं अशी धर्मेंद्रची लायकी बेबीबाईला वाटली नाही. तिने तोंड फिरवलं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पाहुणे आले. ज्या मार्गावर वाहन येणार नव्हतं, त्याच मार्गावरून, लाखनीच्या बाजूने, चार मोटारी धूळ उडवत आल्या. शेवटच्या मोटारीच्या टपावर, ज्यांच्या हातून उद्घाटन होतं त्या साहेबांची सायकल बांधलेली होती. फीत सोडली, मोटारी अलीकडे घेतल्या, फीत पुन्हा बांधली. ती कापायची होती ना.

मोटार समोरून गेली तसे धनीरामचे हात सवयीने वर आले. बेबीबाईने त्यातला एक धरला आणि सायकलीच्या मुठीवर आणून ठेवला.

धनीराम मंचामागे जाऊन, कापड उचलून बघून आला. “गेली,” तो म्हणाला. “घरी नेऊन पाहू. दोन-चार निवडून निघतीन.”

“बाजाराले निघालेली टोपली घरी परत नेते का कोणी?”

ढिवरांच्या घरात ती नेत नाहीत. उरली मासोळी तर वाटेत ज्याच्या दारी थांबलो त्याला देऊन यायची, ही तलावावरची जुनी रीत. टोपलीने घराचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

“मग?” धनीरामने विचारलं.

“ज्याच्या दारी थांबलो, त्याले. यानंच थांबवलं ना आपल्याले?”

ती मंचामागे गेली. तिने टोपलीवरचं तणीस नीट बाजूला केलं, पाहुण्याच्या ताटावरची झाकणी काढावी तसं. समोरच्या बाजूने कापडाची कड थोडी वर खोचली. मग पदर कमरेला बांधून ती गावाच्या वाटेला लागली. मागून रिकामी सायकल ढकलत धनीराम.

वळणावर पोहोचेपर्यंत लाउडस्पीकर सुरू झाला होता. धर्मेंद्रचा आवाज सगळ्या डोंगराला ऐकू जात होता.

“साहेब, शहरात हे मिळत नाही. सगळ्यांनी डोळे मिटा. आता एक दीर्घ श्वास घ्या. खोल. अजून खोल.”

माइकवर कुणाला तरी जोराचा ठसका लागला.

“घ्या, साहेब,” बेबीबाई मागे न पाहता म्हणाली. “लाजू नोका.”