विजेचा शेक

शालिकराम दवाखान्यात पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीला विजेचा शेक चालू होता. अडुसष्ट साली डॉक्टरांनी हे यंत्र नागपूरहून आणलं, तेव्हापासून बालाघाटात पाठ दुखणं ही जरा मानाचीच गोष्ट झाली होती. शालिकराम त्यासाठी खैरलांजीहून बसने येई. घरात तो धान्याच्या कोठीसारखा एका जागी ठेवलेला असे. त्याला कुणी काम सांगत नसे. आधीही सांगत नव्हतं, पण आता त्याला डॉक्टरांचा आधार होता.

त्याला बसमध्ये चढवायला बायको शेवंताबाई सोबत यायची. विहिरीचं पाणी ओढून आणि नवऱ्याची पाठ रगडून तिचा खांदा आखडला होता. हात वर जात नव्हता. घरी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, डॉक्टरांच्या आलं. त्यांनी तिलाही शेक सुरू केला आणि बरं वाटेपर्यंत तिने काही उचलायचं नाही, असं शालिकरामला बजावलं. त्याने मोठ्या मनाने परवानगी दिली. पाठ रगडणारा हात कधीतरी दुरुस्त करावाच लागतो.

मग पाणी जावेने ओढलं, स्वयंपाक सासूने केला. शेवंताबाई लग्नानंतर पहिल्यांदाच दुपारी आडवी झाली. तिला फार सुख वाटलं, आणि त्या सुखाची थोडी लाजही वाटली.

आज डॉक्टरांनी तिचा हात उचलून पाहिला. तो सरळ वर गेला. शालिकरामची पाठ मात्र होती तशीच होती. हा कुठला न्याय, म्हणून तो चिडला. डॉक्टरांनी समजावलं, की त्याच्या पाठीवरची चरबीच सगळी ऊब खाऊन टाकते, खालच्या स्नायूपर्यंत काही पोचत नाही. बाईंच्या अंगावर चरबीच नाही, म्हणून त्यांना लवकर गुण आला. चरबी उतरेपर्यंत त्याने जड काम करू नये.

शालिकरामचा राग तिथेच निवला. खात्यापित्या घरचं अंग आहे, असं डॉक्टरांना ऐकवून तो उठला.

"चाल मंग," तो बायकोला म्हणाला, "उद्यापासून पानी तूच भर. आन् आज राती माही पाठ रगडून देजो."

तो बाहेर बाकावर जाऊन बसला. शेवंताबाई जागची हलली नाही. दार लोटून घेऊन ती हळूच म्हणाली,

"डॉक्टरसाहेब, ह्यायले सांगा न, मले बी चरबी आहे म्हनून."