सुईशिवायची मॅच

निखारा पायावर पडला तेव्हा चिमाजी गेल्या रविवारी मारलेल्या गोलची गोष्ट सांगत होता. चुलीसमोर पाय पसरून, हातवारे करत. बॅकला असा चकवला, गोलकीपर तिकडं पडला, बॉल इकडून गेला. रतनबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. मग तिला चामडं जळल्याचा वास आला.

"अवो, पाय! पाय जळतोय तुमचा!"

चिमाजीनं खाली पाहिलं. पावलावर लाल निखारा तसाच होता. त्यानं तो सावकाश झटकला. "व्हय की," म्हणाला आणि हसला.

रतनबाई हसली नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी ती नवऱ्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तिची आजी शेतावर जाताना तान्ह्या पोरांना अफूची कणी चाटवायची, म्हणजे ती दिवसभर झोळीत पडून राहायची. त्या पोरांचे डोळे असेच दिसायचे.

"काय घेताय तुमी?" तिनं विचारलं.

चिमाजीनं सांगून टाकलं. चाकणजवळच्या गावचा हा गडी वाऱ्यासारखा पळायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी, छप्पन साली, पिंपरीच्या एका कंपनीनं त्याला उचलला. कागदावर हेल्पर, खरं काम फुटबॉल. दोन तास मशीनजवळ उभं राहायचं आणि मग मैदान गाठायचं. जूनमध्ये त्याचा गुडघा पिरगळला. कंपनीच्या दवाखान्यातल्या भिमाजी कंपाउंडरनं मॅचच्या आधी एक सुई टोचली. मॉर्फियाची. गुडघा दुसऱ्या कुणाचा असावा तसा गप्प झाला आणि चिमाजीनं दोन गोल केले. आधी सुई फक्त मॅचला होती. मग सरावालाही लागू लागली. आता एखादा दिवस चुकला की अंगाला दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे, पोटात अन्न ठरायचं नाही.

"मग नको म्हना."

"आन खेळू कसा? न्हाई खेळलो तर नोकरी ऱ्हाईल व्हय?"

"ऱ्हाईल न्हाईतर जाईल. आज पाय जळला त्यो मला दिसला. उद्या मी जवळ नसले तर?"

 चिमाजीला खरं तर नोकरीपेक्षाही धाक होता दौलतरावांचा. दौलतराव संघाचे कप्तान. वय पस्तिशीकडं झुकलेलं, तरी अंगावर बैल धावून आला तर बैलानंच बाजूला व्हावं असा माणूस. पायाचं बोट मोडलं असताना ते अख्खी मॅच खेळले होते, आणि त्यांना लंगडताना कुणी पाहिलं नव्हतं. अशा माणसासमोर गुडघा दुखतो म्हणून रडायचं कोणत्या तोंडानं?

रविवारी खडकीला फायनल होती, चार वाजता. भिमाजीनं नेहमीची वेळ दिली होती. अडीच वाजता, मागच्या दारानं, कुणाला न सांगता. चिमाजी दोनलाच निघाला. अर्धा तास आणखी थांबलो तर अवसान गळेल, हे त्याला ठाऊक होतं. दवाखान्याचं मागचं दार त्यानं न वाजवताच ढकललं.

आत स्टुलावर दौलतराव बसले होते. बाही खांद्यापर्यंत वर. भिमाजीच्या हातात सुई.

"अरे, तुझी वेळ अडीचची ना!" भिमाजी खेकसला.

कुणी काही बोलायच्या आत दारावर टकटक झाली. गोलकीपर हिंदुराव आत आला, दोघांना बघून थबकला आणि म्हणाला, "जरा डोकं दुखत होतं." त्याच्या पाठोपाठ आणखी एक आला. त्याचंही डोकंच दुखत होतं. अडीच वाजेपर्यंत त्या एवढ्याशा खोलीत आठ जण जमले. मागचं दार फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं आठही जण समजून होते. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसत सुटले.

दौलतराव तेवढे हसले नाहीत. "चिमा, तू लवकर का आलास?"

"नको म्हनायला आलो, दौलतराव. सुई नको मला."

दौलतराव आपल्या उघड्या दंडाकडं बघत राहिले. दंडावर टोचल्याचे काळे डाग होते, मोजता न येण्याइतके. "चार वर्सं झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "मला न्हाई जमलं नको म्हनायला. तू म्हन. मी तुझ्या मागनं म्हनतो."

चिमाजी भिमाजीकडं वळला आणि नको म्हणाला. दौलतरावांनी बाही खाली ओढली आणि तेही नको म्हणाले. मग बाकीचे.

मॅच कशी झाली ते खडकीकर पुष्कळ दिवस सांगत होते. पिंपरीनं पाच गोल खाल्ले. चिमाजीच्या गुडघ्यानं दहाव्या मिनिटाला दगा दिला. पुढचा सगळा वेळ तो चालतच खेळला. लोकांनी हुर्यो केली. कंपनीचे साहेब हाफटाइमलाच गाडीत बसून निघून गेले.

पुढं बरंच झालं. आठ दिवस चिमाजी उलट्यांनी आणि घामानं बेजार झाला. रतनबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. संघ मोडला. चिमाजीचं पळणं कायमचं गेलं, पण कंपनीला माणसं हवीच होती. तो लेथवर पूर्ण पाळी करू लागला आणि पुढं चांगला कारागीर झाला. दौलतराव दोनदा घसरले आणि तिसऱ्यांदा सुटले. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी संघ नेहमीसारखा ट्रकमधून परत निघाला. एरवी मॅचनंतर ट्रकमध्ये चिडीचूप असायचं, आणि कसलेले खेळाडू असेच शांत असतात असं चिमाजीला वाटायचं. त्या दिवशी मात्र बोपोडीपासूनच कुणी "आई गं" करत होतं, कुणी ड्रायव्हरला शिव्या देत होतं, तर कुणी दुसऱ्याचं कण्हणं ऐकून हसत होतं. दापोडीचा पूल ओलांडला आणि ट्रक एका खड्ड्यात दाणकन आदळला. अकराच्या अकरा जण ओरडले, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडले दौलतराव.