बटणांचे ढीग

"लाल कुठलं गं, टिकली? बाईंना दाखव बरं," शिवणवालीने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदाही तिच्या पोरीने मिठाची गुळणी धरली.

दुपार कलली होती. दुकानाच्या काचेतून आलेलं ऊन शिवणयंत्रावरून उतरून जमिनीवर पसरलं होतं, त्यात कापडाचे तंतू तरंगत होते, आणि त्या उन्हात बसून साडेतीन वर्षांची टिकली डब्यातली बटणं वेचत होती. एक उचलायचं, डोळ्याजवळ न्यायचं, बघत बसायचं, मग ठेवायचं. घाई कशाचीच नाही.

समोरच्या स्टुलावर बालवाडीच्या बाई बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या हो, पण त्यांच्या पर्समध्ये एक कागद होता. टिकलीला तिच्या वयाच्या गटातून काढून पुन्हा अगदी लहानग्यांत बसवायचं, त्यासाठी आईची सही हवी होती. सहा महिन्यांत पोर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. घरीही तिचा सगळा कारभार हुंकारावर आणि बोट दाखवण्यावर.

आईने काय करायचं बाकी ठेवलं होतं? महिनाभर रोज हीच बटणं नाचवून तिने घसा कोरडा केला होता. लाल, निळं, हिरवं. मोठं, छोटं. सासू म्हणायची, "बोलेल गं, तुझा नवरा तरी कुठे लवकर बोलला? आणि आता बघ, थांबतो का!" शेजारीण म्हणायची, "आमची तर ह्या वयात बडबडून नुसते कान किटवायची." ते ऐकलं की शिवणवाली पुन्हा डबा उघडून बसायची.

आणि आज, नेमके बाईंसमोर, पोरीने केलेले ढीग तरी बघा! एका ढिगात लाल, काळं, शिंपल्याचं, कोटाचं भलंमोठं, तान्ह्या बाळाच्या सदऱ्याचं चिमुकलं, सगळी सरमिसळ. दुसऱ्यातही तोच गोंधळ. ना रंगाचा पत्ता, ना मापाचा.

"तिला रंगसुद्धा कळत नाहीत, ताई," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी कागद काढून खाली ठेवला. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

शिवणवालीचे कान तापले. सही करायच्या आधी हा पसारा तरी डोळ्यांआड करावा म्हणून तिने ढीग डब्यात लोटायला हात पुढे केला. तेवढ्यात दोन इवले तळवे ढिगांवर पडले.

"नको!"

शिवणवालीने हात मागे घेतला.

"ही अंगावर होती," टिकली म्हणाली. आवाज जरा खरखरीत, बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा. मग दुसऱ्या ढिगाकडे बोट. "ही अजून नाही."

शिवणवाली वाकली. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक बटणाच्या भोकात दोऱ्याचं एखादं तूस अडकलेलं होतं. जुन्या कपड्यांवरून तिनेच कापून ठेवलेली ती बटणं. दुसऱ्या ढिगातली कोरी, भोकं लख्ख. पंधरा वर्षं ती हा डबा उपसत होती. लाल हवं तर लाल, काळं हवं तर काळं. कुठलं बटण कुठून आलंय, हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

बाई स्टुलावरून उतरून जमिनीवर बसल्या. त्यांच्या जाकिटाच्या बाहीवरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. टिकलीने ते दोन बोटांत धरलं. ओढलं मात्र नाही. तिने ह्या ढिगाकडे पाहिलं, त्या ढिगाकडे पाहिलं. त्याची जागा दोन्हीकडे नव्हती. ती विचार करत राहिली. ऊन बोटभर सरकलं.

"हे येणार आहे," शेवटी ती म्हणाली.

"अगं बाई!" शिवणवाली हसायलाही लागली आणि रडायलाही. "थांबा बाई, आत्ता दोन टाके घालून देते." तिने सुई उचलली.

टिकलीने बटण मुठीत झाकलं. "नको आई. त्याला येऊ दे."

आई. साडेतीन वर्षं जिची वाट पाहिली ती हाक अशी आली, बटणाविषयीच्या बोलण्यात, जाता जाता. सुईचं नेढं शिवणवालीला दिसेनासं झालं.

बाईंनी बाहीकडे पाहिलं. मग एका हिसक्यात बटण तोडून पोरीच्या तळहातावर ठेवलं. टिकलीने ते नीट निरखलं आणि दोन्ही ढिगांपासून दूर, बाईंच्या कागदावर, सहीच्या मोकळ्या जागेत ठेवून दिलं. दोऱ्याच्या शेपटीसकट.

शिवणवाली घाईघाईने कागद मोकळा करायला गेली.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तिचं काम चाललंय."