डावा गाल

सुहासिनीबाईंनी नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि आपल्या डाव्या गालावर दाबून धरला. रोजच्यासारखेच दुपारचे तीन वाजले होते. गोमती नगरातल्या त्यांच्या गच्चीवरचं जानेवारीचं धुकं आत्ता कुठे विरलं होतं. ऊन पातळ दुधासारखं पसरलं होतं. आपण जागे आहोत की स्वप्नात, हे बाळकृष्णरावांना नीट कळत नव्हतं. हात अवघडला, तरी त्यांनी तो काढला नाही.

लखनौच्या संस्थेत झाडापानांवर संशोधन करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. पानं ते हलक्या हातानं कुरवाळत, पण बायकोच्या गालाला हात लावायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. अडीच महिन्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आणि गेल्या तीन आठवड्यांपासून हे सुरू झालं. हात गालाशी, डोळे मिटलेले, पापणीच्या कडेला पाणी. म्हातारपणी का होईना, बाई लाडात आली, म्हणून ते मनातल्या मनात लाजत. इतकं सुख त्यांना आयुष्यात झालं नव्हतं.

त्या सुखाची त्यांना शरमही वाटे. कारण त्याच तीन आठवड्यांत ती जेवेनाशी झाली होती. चमचा ओठांशी नेला की मान फिरवायची. ही निरोप घेते आहे, असं त्यांना वाटायचं. मग ते हात आणखी घट्ट दाबायचे.

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, गिळण्याची ताकद गेली असावी, सोमवारी नाकातून नळी घालू. एकदा घातलेली नळी बहुधा निघणार नाही, हेही सांगितलं. बाळकृष्णरावांनी सही केली.

सोमवारी वॉर्डात डॉक्टरांबरोबर एक तरुण मुलगी आली. डॉक्टर नयना मिश्रा, दातांची डॉक्टर. बाळकृष्णराव वैतागले.

"बेटा, इनके दाँत का नहीं, दिमाग़ का इलाज चल रहा है."

"पता है, सर. नली से पहले मुँह मैं देखती हूँ. अब हम दोनों राउंड साथ में लेते हैं."

तिनं छोटा आरसा आत घातला. डावीकडच्या शेवटच्या दाढेला तो नुसता टेकला आणि सुहासिनीबाईंचं अंग ताठ झालं. हिरडी टरारून सुजली होती, दाढेखाली पू साचला होता. मेंदूचे डॉक्टर वाकून बघत राहिले. अडीच महिन्यांत सुहासिनीबाईंची फाईल जाड झाली होती, पण तोंडात कोणी डोकावलं नव्हतं. त्यांनी नळीचा कागद बाजूला काढून ठेवला.

"आंटीजी का तो बहुत दिन से दुख रहा होगा," नयना म्हणाली. "इशारे से भी नहीं बताया?"

बाळकृष्णराव बायकोच्या कानाशी वाकले.

"तू रोज सांगत होतीस गं. आणि मी आणखी दाबत होतो."